लोखंड तर लोखंड

३ मार्च

मी वैतागले की डायरी लिहिते. त्यामुळे हिच्यात माझे चांगले दिवस सापडायचे नाहीत.

आज हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, मेअखेर आढावा समिती येतेय. तोवर तुमच्या मँगनीजच्या संयुगाचं चित्र हातात नसेल, तर हूड सोडावा लागेल. तुम्हाला गुणवत्ता तपासणीत टाकतो. तिथे नाहीतरी माणूस कमीच आहे."

टाकतो म्हणे. मी काय मोडकी खुर्ची आहे? हूड गेला की माझं उरलं काय? सरकत्या काचेचं दार, वर धूर ओढणारा पंखा आणि आत माझ्या हाताच्या सवयीने मांडलेले फ्लास्क, एवढीच जागा या इमारतीत माझी आहे. गुणवत्ता तपासणीत दुसऱ्यांनी बनवलेलं शुद्ध आहे की नाही ते सांगायचं आणि सही करायची. मला रेणू बनवता येतात, सह्या करणारे पुष्कळ आहेत. मी हूड सोडणार नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे अडकलेल्या माणसाशी शांतपणे बोलायची यांना सवय आहे. म्हणाले, "चित्र म्हणजे फोटोच ना? काढून दे की एक."

सासूबाई पत्ते पिसत होत्या. त्यांनी विचारलं, "कशाचा फोटो?" मग पहिल्यांदाच मी त्यांना सगळं नीट समजावलं. स्कॅन करताना पेशंटच्या शिरेत एक द्रव्य सोडतात, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. एका कंपनीला ते मँगनीज धातूपासून बनवून हवंय. पण मँगनीज रक्तात मोकळं सुटलं तर अपाय करतं, म्हणून त्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारा रेणू हवा. त्या रेणूला लिगँड म्हणतात, आणि तो जितक्या ठिकाणी धातूला धरतो तितके त्याचे दात. माझ्या लिगँडला सहा दात आहेत. एक सुटला तरी पाच धरून असतात, आणि तेवढ्या वेळात सुटलेला परत जागेवर बसतो. तो धातूला असा धरतो हे दाखवणारं क्ष-किरणांचं चित्र समितीला हवंय.

"सहा?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त आहेत."

आता घरात त्याचं नाव सहादाती पडलंय.

११ मार्च

वकील आज पुन्हा आडवा आला. खरा वकील नाही, आमच्यातलाच रसायनवाला. मास यंत्र, म्हणजे रेणूचं वजन सांगणारं यंत्र, त्याच्या ताब्यात असतं. पण कुणी "आज हवा छान आहे" म्हटलं तरी तो पुरावा मागतो, म्हणून वकील.

मी हूडच्या काचेवर मार्करने सहादाती काढत होते. कागदावर मला रेणू सुचत नाहीत, काचेवर सुचतात. मध्ये दोन नायट्रोजन, त्यांना जोडणारा दोन कार्बनचा पूल, आणि प्रत्येक नायट्रोजनला दोन-दोन हात. चारपैकी दोन हातांच्या टोकाला नायट्रोजनचा दात, दोघांच्या टोकाला ऑक्सिजनचा. पूल एका कार्बनने जरी लांब केला तरी चावा सैल होतो. तिथेच माझे कित्येक महिने गेले.

वकील मागे येऊन उभा राहिला. "ऑक्सिजनचे हे दोन दात कशाला ठेवलेत?"

"घट्ट धरायला."

"मँगनीजला धरायला? ते लोखंडाला जास्त आवडतील."

"फ्लास्कमध्ये लोखंड घालतंय कोण?" मी विचारलं.

"मी आपलं विचारलं," म्हणाला, आणि काचेकडे आणखी बराच वेळ बघत राहिला. त्याचा स्वतःचा हूड दुसऱ्या कुणाबरोबर अर्धा-अर्धा आहे. माझ्या हूडवर डोळा आहे त्याचा, दुसरं काही नाही.

२ एप्रिल

तपकिरी चिखल. पुन्हा तपकिरी चिखल. हवा लागली की मँगनीज बिघडतं. हेडसर आले, फ्लास्क उजेडात धरला आणि म्हणाले, "लिगँड तुटतोय, मॅडम. सोडून द्या. चार दातांचा साधा करा, कंपनीला चालेल."

तुटत नाहीये. मी त्याला ओळखते. चार दातांचा लिगँड रक्तात गेल्यावर धातू सोडून देईल, आणि मग त्या पेशंटला कोण उत्तर देणार, चित्र बघून टाळ्या वाजवणारे?

उद्यापासून हवा पूर्ण बंद. आमच्या प्रयोगशाळेची जुनी पद्धत आहे: लांब पोलादी सुई बुचातून थेट द्रावणात सोडायची आणि तिच्यातून नायट्रोजनचे बुडबुडे चालू ठेवायचे, चित्रासाठी लागणारे खडे धरेपर्यंत. मला शिकवलं त्यांनी असंच केलं, त्यांना शिकवलं त्यांनीही असंच केलं.

१४ एप्रिल

खडे आले.

सुई काढून फ्लास्क उघडला तेव्हा तळाला पांढुरका गाळ होता, आणि त्या गाळात बसलेले जांभळे खडे. मोजकेच. पण काय रंग! भिंगाखाली एकेकाच्या कडा इतक्या सरळ की भिंग खाली ठेववेना. शेजारच्या हूडवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी हसले, आणि मग रडायला आलं, तेही ऐकू गेलं असेल.

गाळ टाकून दिला, खडे ठेवले.

मँगनीजचा रंग असा गडद नसतो हे मलाही माहीत आहे. शेवटी थोडी हवा लागली असेल, त्याने गडद झाला. तुटलेल्या लिगँडचे असे खडे होत नाहीत, हे मात्र आता हेडसरांना मान्य करावंच लागेल.

१७ एप्रिल

एक खडा मास यंत्रावर दिला. वजन अपेक्षेपेक्षा एकाने जास्त. काही बिघडत नाही, एक हायड्रोजन जास्तीचा चिकटला असणार. असं नेहमी होतं.

वकिलाला मात्र चैन नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "आणि मुख्य शिखराच्या दोन घरं खाली ही छोटी टेकडी कसली?"

"घाण. तुमचं यंत्र धुवा."

त्याने धुतलं. पुन्हा लावलं, मग परत एकदा लावलं. त्याचे स्वतःचे नमुने ट्रेमध्ये तसेच पडले होते आणि हा माझ्या टेकडीच्या मागे. टेकडी तिथेच राहिली. "तुम्ही म्हणता तर असेल," म्हणाला. असं म्हणणारा माणूस मनातून मान्य करत नसतो हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

२८ एप्रिल

चित्र आलं. मधोमध धातूचा गोळा आणि त्याला सहा बाजूंनी धरून बसलेला माझा सहादाती. मी काचेवर काढला होता तसाच, अगदी तस्साच.

पलीकडच्या इमारतीत क्ष-किरणांचं यंत्र चालवणारी मुलगी हुशार आहे, पण शंकेखोर. तिने सांगितलं की एक्स-रेला मँगनीज आणि लोखंड जवळपास सारखेच दिसतात, मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकमेकांना लागूनच आहेत, त्यामुळे मी सांगितलेला धातू तिने धरून चालला. "पण धातूपासून दातांपर्यंतची अंतरं थोडी कमी आहेत हं," ती म्हणाली. "मँगनीज एवढं आवळलेलं बसत नाही सहसा."

"माझा लिगँड आवळतोच," मी म्हटलं.

हेडसर खूश. चित्र समितीच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर जाणार. एक प्रत मी घरी फ्रिजवर लावली. यांना तो कोळी वाटला. सासूबाईंनी दात मोजले आणि बरोबर भरले म्हणाल्या.

६ मे

वकिलाचं नवं खूळ. "एक कोरा प्रयोग करा," म्हणतो. म्हणजे सगळं तसंच करायचं, तोच लिगँड, तेच द्रावण, तीच सुई, तेवढेच दिवस. फक्त मँगनीज घालायचं नाही.

"मग त्यात बघायचं काय?"

"काही दिसलं नाही तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

एवढ्या बोलीवर मी कोराच काय, दहा प्रयोग करीन. आजच लावला.

१२ मे

कोरा फ्लास्क तिसऱ्याच दिवशी जांभळा झाला.

धातू घातलाच नव्हता. तरीही तोच रंग, तळाशी धरू लागलेला तोच खडा. सुई बाहेर काढून भिंगाखाली धरली. द्रावणात बुडालेला भाग खरखरीत झाला होता.

सुईच्या जागी प्लॅस्टिकची नळी घालून तेवढेच तीन दिवस पुन्हा लावलं. पाण्यासारखं स्वच्छ राहिलं.

सहादातीने पोलादी सुईतून लोखंड ओढून काढलं. मी भांडंभर मँगनीज समोर वाढून ठेवलं होतं, त्याकडे याने पाहिलंही नाही. खडे लोखंडाचे होते. मँगनीज सगळं त्या पांढऱ्या गाळात होतं, आणि तो गाळ मी माझ्या हाताने फेकला, कारण तो दिसायला चांगला नव्हता.

आता सगळं जुळतं. लोखंड मँगनीजपेक्षा एकाने जड, म्हणून वजन एकाने जास्त. लोखंडात दोनाने हलका असा त्याचाच भाऊ थोडासा नेहमी मिसळलेला असतो. ती टेकडी तीच. मँगनीजला असा भाऊच नाही. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी शिकवलंय.

स्टोअरमध्ये जाऊन बसले. कोणी येऊ नये म्हणून दाराला पाठ लावली. रडले ते हूड जाणार म्हणून नाही. हा लिगँड माझा आहे आणि मीच त्याचं ऐकलं नाही, म्हणून रडले.

१४ मे

गाळ पुन्हा बनवला, यावेळी नळीने. शुद्ध मँगनीज धरलेला, पांढरा. त्यात चिमूटभर लोखंडाचा क्षार टाकला. बघता बघता जांभळा. म्हणजे मँगनीजला बाहेर ढकलून हा लोखंड आत घेतो. रक्तात लोखंड असतंच, तेव्हा पेशंटच्या अंगात नेमकं हेच होणार. कंपनीच्या दृष्टीने सहादाती संपला.

हेडसरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"वकिलाला. त्यानेच कोरा प्रयोग करायला लावला."

"तो बोलणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा मॅडम, आढावा होऊन जाऊ दे. चित्रात गोळा आहे, गोळ्यावर नाव नसतं. मँगनीज म्हणा. शेजारी शेजारी तर आहेत दोघं. मंजुरी मिळाली की पुढच्या वर्षी सावकाश दुसरा लिगँड काढा. हूडही राहील."

हेडसर वाईट माणूस नाही. मला वाचवायलाच निघाले होते. पण हे खोटं एक दिवस कुणाच्या तरी शिरेत जाईल, आणि मला ठाऊक असून जाईल.

"सर, लोखंडाला मी मँगनीज म्हणणार नाही."

"मग मी काही करू शकत नाही."

"मी मागितलंय कुठे?" म्हटलं आणि बाहेर आले.

१५ मे

घरी सांगितलं. हे म्हणाले, "दोर तुटायला आलेली लिफ्ट चालू आहे म्हणून मी कधी सही दिली नाही. तूही देऊ नकोस." आणि उठून भांडी घासायला गेले.

सासूबाई पत्त्यांत सर्रास फसवतात, हे सगळ्या घराला माहीत आहे. त्यासुद्धा म्हणाल्या, "लोखंड तर लोखंड. त्यात लाजायचं काय? पोलादातून ओढून काढलंय त्याने."

हे मला आधी सुचायला हवं होतं. खरंच की. पोलादातून.

२२ मे

लाजायचं काय! आता मला बघायचंच आहे हा लोखंड सोडतो का. आम्ल घातलं, जीभ सोलून निघेल इतकं आंबट. जांभळा तसाच. धातू काढून घ्यायला सगळ्या प्रयोगशाळा जे वापरतात ते रसायन दहापट घातलं, उकळलं. जांभळा तसाच. आयुष्यात इतकं घट्ट धरलेलं काही पाहिलं नाही.

वकिलाने सगळे नमुने मास यंत्रावर लावून दिले, एकेक. मला वाटलं, चुका शोधतोय. शोध म्हटलं, मीही इथेच उभी आहे. प्रत्येक वेळी टेकडी जागच्या जागी. शेवटी म्हणाला, "बैठकीत हे आकडे तोंडपाठ ठेवा."

जसं काही मी विसरणार आहे. माणसाला दुसऱ्याला कमी लेखल्याशिवाय झोप येत नाही.

२९ मे

आढावा झाला. जसं घडलं तसं लिहिते.

समिती लांब टेबलामागे, मध्ये अध्यक्ष, कडेला कंपनीचा माणूस. हेडसरांनी माझं पहिलं पान लावलं. खाली "मँगनीज संयुग" असं छापलेलं, त्यांच्या हुकुमाने. मी उठले आणि म्हटलं, "नाव चुकलंय. हे लोखंड आहे." खोलीत खुर्च्या करकरल्या.

मग सगळं सांगितलं. सुई, गाळ, टेकडी, कोरा फ्लास्क. काही लपवलं नाही, कोणावर ढकललं नाही. आवाज चढलेलाच होता. मला खालच्या पट्टीत माफी मागता येत नाही आणि मला मागायचीही नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "थोडक्यात, बाई, तुमचा लिगँड काम करत नाही."

"करतो," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलेलं करत नाही, एवढंच."

कंपनीच्या माणसाने फाइल मिटली. तेवढ्यात मागून वकील उभा राहिला. वाटलं, आता हा उरलीसुरली लाज काढणार. म्हणाला, "एक प्रश्न. आत गेलेलं लोखंड परत निघतं का? आम्लाने? दुसऱ्या लिगँडने? पुरावा काय?"

भर सभेत. माझ्याच प्रयोगशाळेचा माणूस. इतका संताप आला की सगळे आकडे एका दमात त्याच्या तोंडावर फेकले. आम्लाचा, दहापटीचा, उकळल्याचा. तो प्रत्येक आकड्याला मान डोलवत होता आणि पुढचा प्रश्न विचारत होता, आणि मी आणखी चिडून पुढचं उत्तर देत होते. समितीतल्या एक वयस्कर बाई आधी डुलकी घेत होत्या. त्या पुढे सरकून लिहून घ्यायला लागल्या. म्हणाल्या, "काहींना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोखंड साठत जातं. तिकडे कोणी पाहिलंय का या लिगँडकडे?"

"अजून नाही," मी म्हटलं. "मी पाहीन."

खाली बसले तेव्हा लक्षात आलं की पूर्ण वेळ हातात तीच सुई धरून उभी होते.

३ जून

निकाल लागला. मँगनीजचं काम बंद. हूड काढून घेतला, सोमवारपासून मी गुणवत्ता तपासणीत. त्या वयस्कर बाईंचा शेरा आहे म्हणे, "लोखंडाबाबत पुढे पाहण्यासारखे." पुढे कोणी पाहायचं ते लिहिलेलं नाही.

आणि हूड कोणाला? वकिलाला. हेडसर तो मोडून तिथे कपाट ठेवणार होते, तर याने स्वतः जाऊन मागून घेतला. मी म्हणत नव्हते, डोळा आहे म्हणून? माणसं ओळखायला मी चुकत नाही.

सामान आवरायला गेले तर म्हणाला, "राहू द्या बाटल्या, मला अडचण नाही." मीही हट्टाने एकही बाटली उचलली नाही. बस म्हटलं त्यांच्याकडे बघत.

१० जून

गुणवत्ता तपासणी. इथे खिडकी मोठी आहे आणि काम एवढंसं. दिवसभर दुसऱ्यांच्या पावडरी विरघळवल्या आणि सह्या केल्या.

संध्याकाळी मुद्दाम जुन्या हूडवरून गेले. वकिलाचं सगळं सामान उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने कोंबलेलं, डावा अर्धा भाग पुसून रिकामा. एवढी जागा लागत नव्हती तर मागून कशाला घ्यायचा? काचेवरचा माझा सहादातीसुद्धा पुसलेला नाही, इतका गबाळा कारभार. डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या नळ्यांचं नवं खोकं होतं. याच्या कुठल्याच कामाला नळ्या लागत नाहीत. विचार न करता मागवतो आणि टाकून ठेवतो.

मला बघून म्हणाला, "संध्याकाळी मी लवकर निघतो. नंतर हूड रिकामाच असतो." स्वतःच्या आळसाचं एवढं कौतुक! शिवाय माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली परत मागायचंही त्याला सुचलेलं नाही.

जेवताना घरी हे सगळं सांगितलं. हे हसायला लागले, घास अडकेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या माणसाला एकदा जेवायला बोलव." मी म्हटलं, माझा हूड घेणाऱ्याला मी जेवायला घालू? त्यावर दोघं एकमेकांकडे बघून पुन्हा हसले. या घरात कुणाला माझ्या बाजूने म्हणून चिडता येत नाही.

पण मी ठरवलंय. लोखंडाचं पुढचं मीच बघणार. पूल आणखी आखूड करून बघायचाय, ऑक्सिजनचा एक दात वाढवून बघायचाय. उद्या संध्याकाळी किल्ली घेऊन सरळ आत जाणार, डाव्या भागात फ्लास्क लावणार. कुणाची परवानगी मागणार नाही. वकील आडवा आलाच, तर त्यालाही बघून घेईन.